राष्ट्रीय सागरी धोरण आणि जहाजावरचा माणूस : घाटावरून नेमके काय मागायचे?

करवीरकाठ (धागाकर्ता)

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणी आणि सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटींचे पॅकेज मंजूर केले. त्याची फोड अशी : जहाजबांधणीला अर्थसाहाय्य २४,७३६ कोटी, सागरी विकास निधी २५,००० कोटी, जहाजबांधणी विकास योजना १९,९८९ कोटी. त्याआधी ऑगस्टमध्ये संसदेने १९५८ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टच्या जागी नवा मर्चंट शिपिंग ॲक्ट मंजूर केला. बंदरे, किनारी वाहतूक, सागरी मालवाहतूक आणि बिल ऑफ लेडिंग यांचेही नवे कायदे त्याच वर्षी आले. इतकी वर्षे रखडलेले काम मार्गी लागले, हे चांगलेच झाले. पण पॅकेजचे तिन्ही खाने वाचले तर त्यांत गोदी आहे, भांडवल आहे, कर्जाच्या व्याजाची सवलत आहे. जहाजावर नऊ-नऊ महिने काढणारा माणूस मात्र शोधावा लागतो.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला समुद्र नाही, म्हणून हा विषय मुंबई-रत्नागिरीवाल्यांचा असे कुणी म्हणू नये. करवीर, पन्हाळा, गडहिंग्लज, कागलमधली मुले मर्चंट नेव्हीत आहेत आणि आणखी जायला निघाली आहेत. उलट किनाऱ्यापासून लांब असल्यामुळे आपल्याकडे माहिती कमी आणि एजंट जास्त.

माझे म्हणणे थोडक्यात असे. भारतीय ध्वजाखालची, म्हणजे भारतात नोंदलेली जहाजे जगाच्या एकूण टनेजमध्ये (वहनक्षमतेत) १ टक्क्याच्या आसपास आहेत. जगातल्या खलाशांत भारतीय मात्र साधारण १० ते १२ टक्के. म्हणजे आपली बहुतेक माणसे पनामा, लायबेरिया, मार्शल बेटे अशा परक्या ध्वजाखाली काम करतात. तिथे आपला कायदा पोचत नाही. आपल्या सरकारच्या हातात दोनच दोर राहतात : माणूस देशाबाहेर पडताना होणारी भरती, आणि परके जहाज आपल्या बंदरात आल्यावर होणारी तपासणी. धोरणाने हे दोन दोर घट्ट धरावेत, एवढे मुद्देसूद निवेदन आपल्या जिल्ह्यातून खासदारांकडे जावे असे वाटते. जाणकारांनी भर घालावी.

ऊसदर

विषय चांगला घेतलासा. पण निवेदन जाईल तेव्हा जाईल, आधी एक सांगा की. एजंट म्हणतोय पाच बेसिक कोर्स झाले की सीडीसी (खलाशाची सरकारी ओळखवही), सीडीसी झाली की दोन महिन्यात दुबईला जॉइनिंग, सगळे मिळून सहा लाख. हे खरे का खोटे, ते घरबसल्या तपासायचे कसे?

मशीनशॉप

ऊसदर, धोरणाचा विषय खरे तर तुमच्या प्रश्नापासूनच सुरू होतो. क्रमाने सांगतो.

सहा लाखांतले कोर्सची फी आणि सीडीसीसारख्या कागदांचा खर्च सोडून बाकी सगळे बेकायदा. सागरी श्रम करार २००६, ज्याला सगळे एमएलसी म्हणतात, तो भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये स्वीकारला आणि ऑक्टोबर २०१६ पासून तो आपल्याला लागू आहे. त्यात स्पष्ट आहे की नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नाहीत. वैद्यकीय दाखला, सीडीसी आणि पासपोर्ट एवढाच खर्च खलाशाचा. व्हिसासुद्धा मालकाचा. आपल्याकडे त्याच धर्तीवर २०१६ चे भरती नियम आहेत आणि भरती करणाऱ्या कंपनीला आरपीएसएल परवाना लागतो. तो डीजी शिपिंग देते, म्हणजे मुंबईत कांजूरमार्गला असलेले नौवहन महासंचालनालय.

आता तपासणी. डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर आरपीएसएल कंपन्यांची यादी असते. नाव सापडले म्हणून थांबू नका. परवान्याची मुदत आणि तो चालू आहे की निलंबित, हेही बघा. यादीतला पत्ता आणि तुम्हाला दिलेला पत्ता जुळतो का ते पाहा. यादीतला फोन लावून विचारा की हा माणूस तुमचा आहे का, आणि या जहाजावर ही जागा खरोखर आहे का. खऱ्या कंपनीचे नाव वापरणारा खोटा एजंट हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. लेटरहेड हुबेहूब असते, ईमेल मात्र फुकटच्या खात्यावरून आलेला असतो.

पुढे जहाज. करारपत्रावर जहाजाचे नाव आणि सात आकडी आयएमओ क्रमांक हवा. जहाजाचे नाव बदलते, ध्वज बदलतो, हा क्रमांक भंगारात जाईपर्यंत बदलत नाही. क्रमांक खरा आहे का, हे कागदावर कळते. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे सातवा आकडा. ९०७४७२९ घ्या : ६३ + ० + ३५ + १६ + २१ + ४ = १३९. शेवटी ९, जुळले. मनाने ठोकलेला क्रमांक बहुतेक वेळा इथेच पडतो. जुळला तर एक्वासिस या संकेतस्थळावर फुकट खाते उघडून तो टाका. मालक कोण, व्यवस्थापक कोण, ध्वज कुठला, जहाजाचे वय किती आणि आजवर कुठल्या बंदरात किती वेळा अडकवले, सगळे दिसते. तीस वर्षांचे छोटे टँकर, दर दीड-दोन वर्षांनी बदललेला ध्वज आणि मालकाच्या जागी नुसती पोस्टपेटी, हे एकत्र दिसले की तिथे जायचे नाही.

पाच बेसिक कोर्सविषयी. जीव वाचवण्याचे तंत्र, आगविरोधी प्रशिक्षण, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षितता व सामाजिक जबाबदारी आणि सुरक्षा, हे ते पाच. जहाजावर पाय ठेवायला ते लागतात. पण नुसते ते केले म्हणून नोकरी लागत नाही. खालच्या श्रेणीत (रेटिंग, म्हणजे अधिकाऱ्यांच्या हाताखालचे खलाशी) जायचे तर मान्यताप्राप्त संस्थेतला सहा महिन्यांचा जीपी रेटिंग कोर्स आणि त्याची बाहेर पडतानाची परीक्षा हा सरळ रस्ता. ज्याला इंडॉस क्रमांक (डीजीकडून मिळणारा खलाशाचा नोंदणी क्रमांक) नाही किंवा तो डीजीच्या नोंदीत उघडत नाही, त्याचे बाकीचे कागद बघायचीही गरज नाही.

तिसरी_पाळी

मशीनशॉप यांना +१. एक भर. फीचा पहिला हप्ता भरण्याआधी डीजीच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून तपासणी करून घ्या, विशेषतः डोळे. रंगांधळेपणा असेल तर डेकचा रस्ता बंद होतो आणि तो चष्म्याने सुटत नाही. दोन-तीन लाख भरल्यावर हे कळले तर फी परत मिळणे अवघड. संस्था वैद्यकीय तपासणी शेवटी का ठेवतात, हे ज्याने त्याने समजून घ्यावे.

ऊसदर

लई उपकार. एजंट म्हणतोय आपली सीडीसी मिळायला वेळ लागतो, तोवर परदेशी काढून देतो, पंधरा दिवसात. त्याचे काय?

मशीनशॉप

नको. परदेशी सीडीसीवर, टुरिस्ट व्हिसावर बाहेर नेऊन कुठल्यातरी छोट्या जहाजावर चढवतात. भारतीय नोंदीत त्या माणसाचे साइन ऑनच (जहाजावर रुजू होणे) नसते. आरपीएसएल कंपनीने भरती केली की ती माहिती सरकारी प्रणालीत चढते आणि विमानतळावर इमिग्रेशनला दिसते. म्हणूनच एजंट शिकवतो, "विचारले तर फिरायला चाललोय म्हणा." हे वाक्य ऐकले की उठून यायचे. असा माणूस अडकला तर त्याला शोधायला सरकारकडे जहाजाचे नावसुद्धा नसते. शिवाय तो समुद्रावरचा काळ पुढच्या परीक्षेला धरला जाईल याची खात्री नाही. म्हणजे पैसे गेले आणि वर्षही गेले.

करवीरकाठ

यामागचे कारण निवेदनात आले पाहिजे. एजंट नोकरी विकतोय असे दिसते, पण तो खरे तर जहाजावरची शिकाऊ जागा विकतोय. डीएनएस या डेक अधिकाऱ्यांच्या पदविकेचा कॅडेट एक वर्ष वर्गात शिकतो आणि नंतर त्याला १८ महिने जहाजावर काढावे लागतात. तेवढे झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. वर्गातल्या जागा वाढवायला इमारत पुरते. जहाजावरच्या जागा वाढवायला जहाजे लागतात, आणि आपल्याकडे ती जगाच्या १ टक्का. मेरीटाइम इंडिया व्हिजन २०३० मध्ये जगातल्या खलाशांतला आपला वाटा २० टक्क्यांवर न्यायचे उद्दिष्ट आहे. जहाजावरच्या शिकाऊ जागा न वाढवता तो आकडा गाठायला गेलो तर मधली दरी एजंटच भरणार.

२००४ साली टनेज टॅक्स (नफ्याऐवजी जहाजाच्या टनेजवर बसणारा कर) आला तेव्हा त्यात एक अट होती : कमी कराचा फायदा घेणाऱ्या कंपनीने ठराविक प्रमाणात शिकाऊ अधिकारी घ्यायचे. कल्पना उत्तम होती. आता २५,००० कोटींच्या सागरी विकास निधीतून जे जहाज घेतले जाईल, त्यालाही हीच अट घालावी. प्रत्येक जहाजावर अमुक शिकाऊ जागा, त्या जाहीर कराव्यात, आणि त्यांत रेटिंगच्या मुलांचाही वाटा असावा. ही आपली पहिली मागणी.

तिसरी_पाळी

इथे थोडा मतभेद. अटी घालणे सोपे आहे. भारतीय ध्वज आधीच महाग पडतो. जहाज आयात केले की जीएसटी, भांडवलावर व्याज जास्त, आणि माणसे टिकत नाहीत. माणसे का टिकत नाहीत, हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

खलाशी वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून जास्त भारतात राहिला की आयकरासाठी निवासी ठरतो. परदेशी ध्वजाच्या जहाजावर सात-आठ महिने असलेला माणूस अनिवासी ठरतो आणि त्याच्या एनआरई खात्यात (अनिवासींचे बँक खाते) आलेला पगार करातून सुटतो. भारतीय जहाजावरच्या माणसाचे दिवस मोजायला वेगळा नियम आहे. भारतातून परदेशी किंवा परदेशातून भारतात जाणारी फेरी असेल तरच तो काळ बाहेरचा धरतात. मुंबई ते हल्दिया माल वाहणारा माणूस दहा महिने डेकवर असला तरी करासाठी घरीच असतो. काम तेच, घरापासून लांबी तीच, हातात येणारी रक्कम कमी. मग चांगला सेकंड इंजिनिअर भारतीय जहाजावर थांबेल कशाला?

म्हणून कंपनीवर शिकाऊ जागांची अट घालाच, पण जोडीला किनारी जहाजावरच्या खलाशाच्या दिवसांची मोजणीही बदला. नाहीतर शिकवायचे आपण आणि न्यायचे परक्या ध्वजाने, हे चालूच राहील.

करवीरकाठ

मान्य. दुसरी मागणी म्हणून घेतो.

दर्यासारंग

कामाच्या तासांवर कुणी आले नाही अजून. माझ्या मते धोरणातले सगळ्यात मोठे भोक तिथे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एमएलसी देशाला दोन पर्याय देते. एक, कामाच्या तासांची कमाल मर्यादा : २४ तासांत १४ आणि ७ दिवसांत ७२. दोन, विश्रांतीची किमान मर्यादा : २४ तासांत १० आणि ७ दिवसांत ७७. वरवर दोन्ही सारखेच वाटतात. आता वजाबाकी करा. आठवड्याचे तास १६८. त्यातून विश्रांतीचे ७७ गेले की उरतात ९१. म्हणजे विश्रांतीचा पर्याय घेतला की आठवड्याला ९१ तास काम कायदेशीर होते, कामाचा पर्याय घेतला की ७२. एकोणीस तासांचा फरक! एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात आणखी एक पळवाट आहे. अपवाद म्हणून विश्रांती ७७ ऐवजी ७० पर्यंत खाली आणता येते, सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही. तेव्हा काम ९८ तासांवर जाते. जगभरात विश्रांतीचाच पर्याय जास्त चालतो, यात नवल नाही.

विश्रांतीचे दोनपेक्षा जास्त तुकडे करायचे नाहीत, त्यातला एक किमान ६ तासांचा हवा आणि दोन विश्रांतींमध्ये १४ तासांहून जास्त अंतर नको, असाही नियम आहे. आता छोट्या जहाजावरची सहा तास काम, सहा तास सुट्टी ही पद्धत घ्या. कागदावर विश्रांती ८४ तास, पास. प्रत्यक्षात सहा तासांच्या सुट्टीत वॉच (पहाऱ्याची पाळी) सोपवणे, जेवण, आंघोळ आणि पुढच्या वॉचआधी उठणे बसवायचे असते, म्हणून सलग झोप साडेचार-पाच तासांच्या वर जात नाही. तीही आठवडा-आठवडा, आणि अर्धी दिवसा. जहाज बंदरात लागले की उरलेलेही मोडते. माल उतरवणे, इंधन भरणे, सर्व्हेअर, बंदराचे इन्स्पेक्टर, सामान चढवणे, ड्रिल, सगळे त्याच दोन-तीन माणसांवर पडते. मग नोंदवहीत काय लिहायचे? नियम मोडला असे लिहिले तर तपासणीत ठपका जहाजावर आणि कॅप्टनवर. म्हणून तास "बसवले" जातात. सॉफ्टवेअर लाल चौकोन दाखवते आणि तो हिरवा होईपर्यंत आकडे सरकवले जातात.

याचे मूळ नोंदवहीत सापडणार नाही, ते मनुष्यबळात आहे. प्रत्येक जहाजाला ध्वजाचा देश किमान मनुष्यबळाचा दाखला देतो. प्रस्ताव मालकाचाच असतो. तो बहुतेक वेळा जहाज सुखरूप चालवायला किती माणसे लागतात यावर ठरतो. बंदरातला कामाचा डोंगर, देखभाल आणि कागदपत्रे त्यात पुरेशी धरलेली नसतात. आणि एकदा "किमान" ठरले की बाजारात तेच "कमाल" होते.

भारतीय ध्वजापुरते हे आपल्या हातात आहे. मागणी अशी करा : (अ) भारतीय जहाजांना आठवड्याला ७२ तास कामाची मर्यादा, (आ) मनुष्यबळाचा दाखला देताना बंदरातल्या कामासह तासांचा ताळेबंद मागावा, (इ) दोनच वॉचकीपर असलेल्या जहाजावर, ज्यात कॅप्टन स्वतः एक वॉच करतो, तिसरा अधिकारी सक्तीचा करावा. तपासणीत फक्त तासांची वही बघू नये. ती ब्रिजवरच्या (जहाज चालवायच्या कक्षातल्या) लॉगबुकशी, इंजिनच्या अलार्म प्रिंटशी, इंधन भरल्याच्या वेळेशी आणि गँगवेच्या (जहाजावर चढ-उतार करायच्या जिन्याच्या) नोंदीशी ताडावी. चीफ इंजिनिअर पहाटे तीनला इंधनाच्या पावतीवर सही करतोय आणि वहीत झोपलाय, असे दिसले की वेगळा पुरावा लागत नाही.

तिसरी_पाळी

सारंगसाहेब, (इ) ला मालकांचा विरोध होणार. छोट्या किनारी जहाजाला एक अधिकारी वाढला की वर्षाचे गणित हलते.

दर्यासारंग

हलू दे की. जहाज खडकावर चढले की त्याहून जास्त हलते. पण तुमचा मुद्दा व्यवहाराचा आहे, तर टप्प्याने करा. आधी रात्रंदिवस फेरी असलेली आणि आठवड्यात तीन-चार बंदरे करणारी जहाजे घ्या. लांब पल्ल्याच्या बल्क कॅरियरवर हा ताण तितका नसतो.

फौंड्रीवाला

अवांतर : पॅकेजमध्ये कोल्हापूरला काय, तर शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांना काम मिळू शकते. पण जहाजात बसणारे व्हॉल्व्ह किंवा पंपाचे कास्टिंग वर्गीकरण संस्थेच्या (जहाजाचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या) मान्यतेशिवाय चालत नाही. आपल्याकडे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग आहे, १९७५ पासून, मुख्यालय पवईला. फौंड्रीची मान्यता वेगळी, हीट नंबरप्रमाणे टेस्ट बार वेगळे आणि सर्व्हेअरचा शिक्का वेगळा. ट्रॅक्टरचे कास्टिंग करणाऱ्याने ऑर्डर आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. बाकी चालू द्या.

ऊसदर

आणि पगार थकला तर? बातम्यात असते, पोरे जहाजावर अडकली, जेवण न्हाई, पाणी न्हाई. तिथवर गोष्ट का जाते?

वकिली_कट्टा

आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये ३१२ जहाजांवर ३,१३३ खलाशी सोडून दिले गेले. त्यात सर्वाधिक भारतीय होते, ८९९. तिथवर गोष्ट जाते, कारण लोक फार वाट बघतात.

कायद्यात "सोडून दिले" याची व्याख्या आहे. मालकाने घरी पाठवण्याचा खर्च दिला नाही, किंवा अन्न-पाणी-इंधन-औषध दिले नाही, किंवा संबंध तोडले. आणि यात किमान दोन महिन्यांचा करारातला पगार न देणेही आले. त्यातले कुठलेही एक पुरेसे आहे. जानेवारी २०१७ पासून अशा प्रसंगासाठी मालकाने विमा काढलेला असणे सक्तीचे आहे. त्याचा दाखला जहाजावर सगळ्यांना दिसेल असा लावायचा असतो. साइन ऑन केल्यावर पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढून घरी पाठवावा. विमा कंपनीचे नाव आणि संपर्क त्याच्यावरच असतो आणि खलाशी किंवा त्याने नेमलेला माणूस थेट तिच्याकडे मागणी करू शकतो. मालकाची परवानगी लागत नाही. विमा कंपनीला मुदतीआधी अंग काढायचे असेल तर ध्वजाच्या देशाला ३० दिवस आधी कळवावे लागते.

आता महत्त्वाचे. हा विमा थकलेल्या पगारापैकी फक्त चार महिन्यांपर्यंतचा पगार देतो. त्याशिवाय परतीचा प्रवास आणि तोवरचे खाणेपिणे. म्हणजे मालकाच्या "पुढच्या महिन्यात देतो" वर चौदा महिने बसले तर दहा महिन्यांचा पगार विम्याबाहेर जातो. म्हणून दुसरा महिना पूर्ण झाला की त्याच आठवड्यात लेखी कळवायचे : कॅप्टन, आरपीएसएल कंपनी, ध्वजाचा देश, विमा कंपनी, डीजी शिपिंग आणि नुसी किंवा एमयूआय यांपैकी ज्या युनियनचे सभासद असाल ती. परदेशी बंदरात असाल तर तिथला आयटीएफ इन्स्पेक्टर, बंदराची तपासणी यंत्रणा आणि भारतीय दूतावास. एकाच ईमेलमध्ये सगळे. मजकुरात जहाजाचे नाव, आयएमओ क्रमांक, ठिकाण, माणसे किती, किती महिन्यांचा पगार बाकी, अन्न-पाणी-डिझेल किती दिवसांचे. रडगाणे नको, आकडे द्या.

उरलेला पगार जहाजातून वसूल होतो. आपल्याकडे २०१७ चा ॲडमिरल्टी (जहाजांवरच्या दाव्यांचा) कायदा आहे, १ एप्रिल २०१८ पासून लागू. जहाज भारतीय हद्दीत असेल तर मुंबई उच्च न्यायालयासारखे अधिकार असलेले उच्च न्यायालय ते जप्त करू शकते. जहाज विकले गेले तर खलाशांचा पगार बँकेच्या गहाणाच्याही आधी येतो. हा हक्क इतर दावेदारांना एक वर्ष, पगाराच्या बाबतीत दोन वर्षे. जहाज दुसऱ्याला विकले, नाव बदलले, तरी हक्क जहाजाला चिकटून राहतो. इथे पुन्हा आयएमओ क्रमांक उपयोगी पडतो.

चूक कुठे होते ते सांगतो. काही मुले वैतागून "मला काही येणे नाही" अशा कागदावर सही करून घरी येतात, तिकिटाच्या बदल्यात. ती सही करू नये. करावीच लागली तर हाताने "हक्क राखून" असे लिहून करावी आणि फोटो ठेवावा. दुसरी चूक म्हणजे कागद जहाजावरच ठेवणे. करारपत्राची मूळ प्रत, पगाराच्या स्लिपा, सीडीसीची पाने, सगळ्याची प्रत घरी हवी.

मशीनशॉप

यात एक धोरणाचा मुद्दा. आपल्या बंदरात येणाऱ्या परक्या जहाजाला, त्याच्या ध्वजाच्या देशाने एमएलसी मान्य केलेली नसली तरी, तीच तपासणी लागू होते. तसे करारातच आहे. खलाशी किनाऱ्यावर येऊन थेट बंदराच्या अधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतो आणि त्याचे नाव गुप्त ठेवायचे असते. पण खलाशाला गेटबाहेर पडताच येत नसेल तर तक्रार करणार कुठे? शोअर पास (किनाऱ्यावर उतरायचा परवाना) मिळत नाही, टर्मिनलच्या आत चालायला बंदी, बाहेर जायची गाडी महाग. म्हणून प्रत्येक मोठ्या बंदरात धक्क्यापासून गेटपर्यंत फुकट वाहन आणि सीमन्स क्लबपर्यंत जायची सोय ही मागणी किरकोळ समजू नका. वाढवणसारखे नवे बंदर उभे राहते आहे तोवर ती सोय घालता येते. नंतर जागा सापडत नाही.

तिसरी_पाळी

पगार किती असावा याचाही आकडा द्या कुणीतरी. एजंट ३५० डॉलर सांगतो आणि पोरे हरखतात.

दर्यासारंग

आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) समितीने एबल सीमनसाठी (एबी, म्हणजे अनुभवी डेक खलाशी) किमान मूळ पगार ठरवलेला आहे. २०२५ साठी महिना ६७३ डॉलर, जानेवारी २०२६ पासून ६९०. आठवड्याचे ४८ तास धरून महिन्याचे तास ४८ × ५२ ÷ १२ = २०८. ६९० भागिले २०८ म्हणजे तासाला ३.३२ डॉलर. ओव्हरटाइम किमान सव्वापट, म्हणजे ४.१५ च्या आसपास. महिन्याला १०४ तास ओव्हरटाइम झाला तर वर साधारण ४३१ डॉलर. शिवाय दर महिन्याला अडीच दिवसांची भरपगारी रजा. त्यामुळे अनुभवी एबीचा एकूण आकडा अकराशेच्या वर जायला हवा. हा दर शिफारशीचा आहे, सक्तीचा नाही, आणि नवख्या ट्रेनीला तो लागत नाही. भारतीय ध्वजावर युनियन आणि मालक यांच्यातला नॅशनल मेरीटाइम बोर्डाचा करार चालतो. पण एबीला सगळे धरून ३५० म्हणणारा माणूस कुठल्या जहाजाबद्दल बोलतोय, ते आता कळले असेल.

ऊसदर

कळले. आणि मच्छीमार बोटीवर किंवा लाकडी गलबतावर गेला तर हेच सगळे लागू का?

वकिली_कट्टा

नाही. मासेमारी नौका आणि गलबतासारख्या पारंपरिक नौका एमएलसीच्या बाहेर आहेत. आखातातल्या गलबतावर माल वाहायला नेलेल्या माणसाला ना तो विमा, ना ती व्याख्या. एजंटला करारावर नौकेचा प्रकार लिहून द्यायला सांगा. बरेच जण तिथेच गप्प होतात.

करवीरकाठ

निवेदनाचा कच्चा मजकूर असा करतो, हरकती सांगा. सरकारी भांडवलाच्या प्रत्येक जहाजावर जाहीर शिकाऊ जागा. किनारी जहाजावरच्या खलाशाच्या करदिवसांची मोजणी. भारतीय ध्वजावर ७२ तास आणि मनुष्यबळाच्या दाखल्याबरोबर तासांचा ताळेबंद. बंदरात गेटपर्यंत वाहन. आणि आपल्या भागासाठी एक : जिल्हा पातळीवर, रोजगार कार्यालयात किंवा आयटीआयमध्ये, आरपीएसएल आणि इंडॉस तपासून देणारी खिडकी. पासपोर्ट कोल्हापुरात मिळतो, मग परवाना तपासायला कांजूरमार्गला कशाला जायचे?

मशीनशॉप

खिडकीचा मुद्दा वर घ्या, पहिला. आणि त्यात "परवाना निलंबित झाला की २४ तासांत जिल्ह्याला कळवणे" हे घाला. यादी संकेतस्थळावर बदलते, पण गावातला बोर्ड तसाच राहतो. फिटर-वेल्डरच्या पोरांचाही उल्लेख करा. आयटीआय झालेल्यांना जहाजावर फिटर म्हणून मागणी असते आणि एजंट त्यांच्याकडेच आधी जातात, कारण त्यांच्या हातात दोन वर्षांच्या पगाराची शिल्लक असते.

दर्यासारंग

कच्च्या मजकुरात मनुष्यबळाचा मुद्दा "भारतीय ध्वज" एवढाच ठेवू नका. परक्या ध्वजाचे जहाज आपल्या बंदरात आले की तासांची वही इंधनाच्या पावतीशी ताडायचे अधिकार आजही आहेत. वापरायला सांगा, एवढेच.

करवीरकाठ

घेतले. रविवारपर्यंत सुधारलेला मजकूर इथेच टाकतो. वकिली_कट्टा, विमा आणि लिएनच्या (जहाजावरच्या हक्काच्या) भागाची भाषा एकदा तपासून द्याल का? दोन महिने, चार महिने आणि दोन वर्षे, या तीन मुदती वेगवेगळ्या आहेत, त्यांची सरमिसळ नको.

वकिली_कट्टा

देतो. तीन ओळींत वेगळ्या लिहा : दोन महिने पगार थकला की तक्रार, विमा चार महिन्यांपर्यंतच्या पगाराचा, जहाजावरचा हक्क दोन वर्षे. शेवटच्या ओळीत "जहाज जप्त झाल्याशिवाय मुदत थांबत नाही" हेही लिहा. नुसते नोटीस-पत्र पाठवून लोक निर्धास्त बसतात.